सव्वा हात

कुंडलिकेच्या एका काठाला जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद आणि वस्तीपासून जरा बाजूला फौजेची छावणी, असे ते दिवस होते. राज्य निजामाचं, फौज हैदराबाद कंटिंजंटची आणि हुकूम गोऱ्या साहेबांचा. फौजेचा पगार वऱ्हाडच्या वसुलातून निघे. त्यासाठीच १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता. छावणीत घोडदळ होतं, पायदळ होतं आणि त्यांच्यामागून आलेले नालबंद, मोची, शिंपी, पखालजी, गवतवाले होते.

ही गोष्ट त्या छावणीतली. कुठल्या दप्तरात ती नोंदलेली नाही, तेव्हा दाखला मागू नये. गोष्ट म्हणून ऐकावी.

घोडदळात तेव्हा सिलेदारी चाले. घोडा स्वाराचा, खोगीर स्वाराचं, दाणावैरण स्वाराची. सरकार पगार देई. त्यामुळे रिसाल्यात जो येई तो आपला घोडा, आपला देव आणि आपली चूल घेऊनच येई. दखनी मुसलमान होते, शीख होते, जाट होते, आपल्याकडचे मराठेही होते. पायदळात अवधकडचे पुरभय्ये पुष्कळ. गावातले लोक त्यांना परदेशी म्हणत. पुरभय्या आंघोळ करून उघड्या अंगाने स्वयंपाकाला बसे, चुलीभोवती रेघ ओढी, आणि परक्याचा पाय त्या रेघेच्या आत पडला तर शिजलेलं अन्न टाकून देई. मुसलमान स्वारांचं पाणी पखालजी आणी. पुरभय्ये आपलं पाणी आपण शेंदत. एका पंगतीला कुणी बसत नसे.

आज हे आपल्याला खटकतं, आणि खटकावंच. पण त्या रेघा ओढणारी माणसं एकाच निशाणाखाली लढत, एकमेकांच्या जखमा बांधत, मेलेल्याचा निरोप त्याच्या गावापर्यंत पोचवत. रेघेपलीकडून विस्तव मागितला जाई आणि दिलाही जाई. विस्तवाला विटाळ नसतो.

आणखी एक रीत छावणीत होती. ईदेच्या रात्री कोतावरचा, म्हणजे हत्यारखान्यावरचा, पहारा हिंदू शिपाई घेत, दिवाळीला मुसलमान घेत. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हुकूम तर कुणी काढलेलाच नव्हता. सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एकजण येई, म्हणे, "भाई, आज तू घरी जा," आणि बंदूक खांद्याला लावून उभा राही.

त्या रिसाल्यात एक जुना रिसालदार होता. दखनी मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारा, बोलायला कमी. दाढी मेंदीने रंगवलेली. तरुण स्वार त्याला मागे ‘बडे मियाँ’ म्हणत आणि पुढे काहीच म्हणत नसत, नुसते सलाम करत. त्याने तरुणपणी हैदराबादजवळची बोलारमची छावणी पाहिली होती. १८५५ च्या सप्टेंबरात तिथे जे झालं तेही पाहिलं होतं.

त्या साली मोहरमच्या मिरवणुकांच्या दिवसांत रविवार आला. रविवार साहेबांच्या प्रार्थनेचा. ब्रिगेडियर कॉलिन मॅकेन्झी याने हुकूम काढला की त्या दिवशी मिरवणुका नकोत. पुढे हुकूम सैल झाला, पण मनं सैल झाली नाहीत. एक मिरवणूक साहेबाच्या बंगल्यावरून वाजतगाजत निघाली. साहेब बाहेर आला आणि त्याने निशाणाला हात घातला. मग तिसऱ्या रिसाल्याचे स्वार तलवारी उपसून धावले. साहेब रक्ताच्या थारोळ्यात पडला. जीव वाचला, पण अंगावर घाव उरले. कलकत्त्यापर्यंत प्रकरण गेलं. सरकारने साहेबाच्या उतावळेपणालाही बोल लावला. आमचा रिसालदार तेव्हा विशीतला स्वार, दूर एका भिंतीशी उभा होता. त्या संध्याकाळबद्दल तो कधी बोलला नाही.

मग १८८६ साल आलं.

त्या साली दसरा आणि मोहरम एकमेकांच्या अंगावर आले. असं मधूनमधून होतंच. दोन्ही पंचांगं चंद्रच मोजतात. दसरा शुद्ध दशमीचा, ताबुतांचा दिवस मोहरमच्या दहाव्या चंद्राचा. फरक इतकाच की आपण अधिक महिना घालून वर्षाला ऋतूशी बांधून ठेवतो आणि मुसलमानी वर्ष मोकळं सुटलेलं असतं. म्हणून मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस आधी येतो, पावसाळा, उन्हाळा, हिवाळा सगळे फिरून बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा दसऱ्याच्या दाराशी उभा राहतो. आपल्या आठवणीत २०१६ साली तसं झालं, ११ ऑक्टोबरला दसरा आणि १२ ला मोहरम.

छावणीच्या आशुरखान्यात, म्हणजे मोहरमचे पंजे मांडत त्या जागी, त्या वर्षी ताबूत बांधायला घेतला, तो तीन मजली असायचा तो चार मजली झाला. त्याला कारण एक मराठा स्वार. हा भोकरदनकडचा, असईजवळच्या एका खेड्यातला. १८०३ च्या लढाईत शिंद्यांची आणि इंग्रजांची तोफ जिथे झडली, तिथली ही माणसं. त्यांच्या नांगराच्या फाळाला अजून शिशाच्या गोळ्या लागत. त्याची मुलगी वर्षामागे तापाने फणफणली. वैद्य झाला, अंगारा झाला, गंडादोरा झाला. शेवटी बायको आशुरखान्यात गेली आणि पंजापुढे पदर पसरून बोलली, "पोर उठू दे, ताबुताला एक मजला चढवीन." पोर उठली. मग स्वाराने दोन महिन्यांचा पगार कामट्यांत आणि बेगडीत घातला.

मराठवाड्यात यात कुणाला नवल वाटलं नाही. मोहरमात फकीर व्हायचं, सवारीपुढे नाचायचं, चोंगे आणि मलिदा वाटायचा, हे हिंदूही करत आले होते. ताबूत उभा राहिला. चौथ्या मजल्यावर कळस चढला. लोक बघायला आले, वा वा म्हणाले. तेव्हा कुणीतरी सहज बोलून गेलं, "यंदा पिंपळाची फांदी लागणार."

छावणीतून नदीकडे जाणारा रस्ता पायदळाच्या लायनीजवळ वळत होता. वळणावर पिंपळ होता. बुंध्याशी पार, पारावर शेंदूर लावलेला मारुती. पुरभय्ये शनिवारी तिथे तेल घालत, पिंपळाला पाणी घालत. त्याची एक दांडगी फांदी रस्त्यावर आडवी गेलेली होती. तीन मजली ताबूत तिच्याखालून बेताने जाई.

"लागली तर तोडू," एक पोरगेला स्वार म्हणाला. म्हणाला आणि विसरला.

ते वाक्य पायदळाच्या लायनीत पोचलं तेव्हा झालं होतं, "फांदी तोडायची ठरली आहे." तिथे एक शिपाई म्हणाला, "फांदीला हात लावला तर हात राहणार नाही." हे परत घोडदळाकडे आलं तेव्हा झालं होतं, "ताबूत अडवणार आहेत." असं दोन दिवसांत ते चार वेळा गेलं आणि चार वेळा आलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाराला टेकवलेली कुऱ्हाड सापडली. ती पायदळाच्याच एका लाकूडफोड्याची होती, दारूच्या नादात तो तिथे विसरून गेला होता. पण हे पुढे महिन्याने कळलं. त्या पहाटे मात्र कुऱ्हाड कुणाची हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

मग लहान लहान गोष्टी थांबल्या. चुलीचा विस्तव कुणी मागेना. पखालजी पुरभय्यांच्या विहिरीवरून जाई तेव्हा लोक पाठ फिरवत. एका जाटाचा घोडा पोटशूळाने लोळत होता, मुसलमान नालबंदाला त्यावरचं औषध ठाऊक होतं, पण त्याला बोलवायला कुणी गेलं नाही आणि तोही आपणहून आला नाही. घोडा वाचला ते त्याचं नशीब. आणि दसऱ्याला दोन दिवस उरले त्या संध्याकाळी पहाऱ्यांची वाटणी झाली, तेव्हा कुणी कुणाला म्हणालं नाही की भाई, आज तू घरी जा.

कमांडिंग साहेब नवा होता, पण मूर्ख नव्हता. त्याने घोडदळाचा रिसालदार आणि पायदळाचा सुभेदार या दोघांना बंगल्यावर बोलावलं. सुभेदार पुरभय्या, उंच, कपाळाला गंध. दोघे वीस वर्षं एकमेकांना ओळखत होते आणि वीस वर्षांत एकमेकांच्या घरी पाणी प्यायले नव्हते.

साहेब म्हणाला, "ताबूत दुसऱ्या रस्त्याने न्या."

रिसालदार म्हणाला, "ताबुताचा रस्ता बदलत नाही, साहेब."

"मग वरचा मजला काढा."

"तो नवसाचा आहे."

साहेब सुभेदाराकडे वळला. "फांदी छाटली तर?"

सुभेदार म्हणाला, "शिपाई मला मानतात तोवर मी सुभेदार, साहेब. फांदी छाटून आलो तर मानणार नाहीत. आणि मीही मला मानणार नाही."

साहेबाने दौत पुढे ओढली. "मग मला हुकूम काढावा लागेल. यंदा ताबूत लायनीबाहेर निघणार नाही."

तेव्हा रिसालदार एकतीस वर्षांत पहिल्यांदा बोलारमबद्दल बोलला. भिंतीशी उभा होतो, म्हणाला. निशाणाचं कापड फाटल्याचा आवाज ऐकला, म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "हुकूम निघाला की दोघांतला एक जिंकतो, साहेब. आणि जो हरतो त्याच्याही कमरेला तलवार असते. आम्हाला दोन दिवस द्या."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "दोन दिवस," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर दोघे बरीच वाट न बोलता चालले. सुभेदाराने विचारलं, "करायचं काय?"

"आधी मोजू," रिसालदार म्हणाला. "लागणार लागणार म्हणतात सगळे. किती लागणार ते कुणी पाहिलंय?"

भर दुपारी दोघांनी एक लांब बांबू घेतला आणि आधी आशुरखान्यात गेले. सुभेदाराने जोडे बाहेर काढले आणि दारातच उभा राहिला. रिसालदाराने आत जाऊन ताबुताशी बांबू धरला. खांदेकऱ्यांच्या खांद्याची उंची त्यात मिळवली आणि कोळशाने खूण केली. मग दोघे पिंपळापाशी आले. आता रिसालदाराने बूट काढले आणि पारापासून दोन पावलं दूर थांबला. सुभेदाराने बांबू रस्त्यावर उभा केला आणि फांदीशी खूण केली. मागून लोक जमत होते. दोन्ही लायनींतले होते, वेगवेगळे घोळके करून. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुभेदाराने दोन खुणांमधलं अंतर हाताने मोजलं.

"सव्वा हात," तो म्हणाला.

घोळक्यात कुणीतरी पुन्हा म्हटलं, "सव्वा हात?" जणू मोजण्यात काही चूक झाली असावी. आठ दिवस छावणी सगळे देव आणि सगळे पीर पणाला लावून बसली होती, आणि निघालं ते एवढंच.

मराठा स्वार पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळं झालं. मी माझा मजला उतरवून घेतो."

"नवस तू बोललास," रिसालदार म्हणाला. "ज्याने घ्यायचा त्याने घेतला. आता तो मजला तुझा नाही, बेटा. तुला उतरवता यायचा नाही."

स्वार मान खाली घालून उभा राहिला. खाली बघता बघता त्याची नजर रस्त्यावर गेली. शेतकऱ्याचं पोर ते. पायाने त्याने मुरूम उकरून पाहिला आणि म्हणाला, "वर जागा नाही. खाली आहे की."

हे इतकं सोपं होतं की थोडा वेळ कुणाला कळलंच नाही. मग सुभेदार हसला. त्या आठवड्यात त्या छावणीत हसलेला तो पहिला माणूस.

पण रस्ता लगेच खणता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि शिलंगणाला घोडे त्याच रस्त्याने जायचे होते. खड्ड्यात घोड्याचा पाय गेला तर मोडेल. म्हणजे दसरा होईपर्यंत थांबायचं आणि मग एका रात्रीत काम उरकायचं, कारण त्यापुढची रात्र कत्तलची होती, ताबूत निघण्याच्या आदली.

दसऱ्याच्या सकाळी कोतापुढे हत्यारांची पूजा मांडली. दरसाल मुसलमान स्वारही आपापल्या तलवारी आणून ठेवत, घोड्यांना हार घालू देत. यंदा येतील की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे होते. पूजेची वेळ झाली तरी त्या बाजूने कुणी येईना. मग रिसालदार आला. सुतकात असल्यासारखे साधे हिरवे कपडे, डोक्याला शेला नाही, जरीचं काही नाही. मोहरम पाळणाऱ्या माणसाला त्या दिवसांत नटायचं नसतं. पण घोडा त्याने धुऊन पुसून आणला होता. स्वतः हारापासून दूर उभा राहिला आणि घोडा पुढे केला. "याला मोहरम नाही," तो म्हणाला. "याचा दसरा होऊ द्या." झेंडूचा हार घोड्याच्या गळ्यात पडला. मग एकामागून एक घोडे आले.

संध्याकाळी शिलंगणाची मिरवणूक वाजत निघाली. आशुरखाना पन्नास पावलांवर आला तेव्हा सुभेदाराने हात वर केला. नगारा थांबला, सनई थांबली. आत मर्सिये चालले होते. घोड्यांच्या टापांखेरीज दुसरा आवाज न करता मिरवणूक तिथून गेली आणि पन्नास पावलं पलीकडे गेल्यावर पुन्हा वाजू लागली. कुणी सांगितलं होतं म्हणून सुभेदाराने असं केलं की त्याचं त्याला सुचलं, हे मला ठाऊक नाही. मला वाटतं घोड्याचा हार त्याने सकाळी पाहिला होता.

सोनं लुटून लोक परतले, आणि पागोट्यांत आपट्याची पानं खोवलेली तशीच ठेवून पिंपळाखाली जमले. कुदळी आल्या, टिकाव आले, पहारी आल्या. पायदळाने खणायला सुरुवात केली, घोडदळाने माती वाहायला. पुढे कोण काय करतंय याचा हिशेब राहिला नाही. मुळांना धक्का लागू नये म्हणून सुभेदार स्वतः कंदील धरून उभा होता. मूळ दिसलं की म्हणे, "जपून." जालन्याकडची जमीन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वर मुरूम, आणि खाली काळा कातळ. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी पहार खणकन वाजली आणि ठिणगी उडाली. एक हात खोली झाली होती. पाव हात राहिला होता. सुरुंगाशिवाय तो कातळ फुटणार नव्हता, आणि सुरुंग लावला तर पिंपळ राहणार नव्हता.

लोक कुदळींवर रेलून उभे राहिले. पहाट होत आली.

"एक हात झालाय," रिसालदार म्हणाला. "पाव हाताचं बघू."

काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही. बहुधा त्यालाही तेव्हा ठाऊक नसावं.

कत्तलची रात गेली. दुसऱ्या दिवशी ताबूत निघाला. ढोल-ताशे वाजत होते, पोरं हाय हुसेन करत होती, बायका रस्त्याच्या कडेला घागरींनी पाणी आणि सरबत घेऊन उभ्या होत्या. त्यांत मराठा स्वाराची बायको होती, कडेवर तीच मुलगी. ताबूत वळणावर आला आणि वाद्यं थांबली. खाली खड्डा, वर फांदी. खांदेकरी उतारावरून खड्ड्यात शिरले आणि थांबले. कळस फांदीच्या वीतभर खाली राहायला हवा होता. तो तिच्या पानांत घुसला होता.

ताबूत वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. मागे फिरवत नाहीत.

पुढच्या खांदेकऱ्यांत रिसालदार होता. त्याच्या वयाला ते झेपणारं नव्हतं, पण त्याला नको कोण म्हणणार? त्याने दांडी खांद्यावर तशीच ठेवली आणि हळूच एक गुडघा खाली टेकला. मग दुसरा. बाकीच्यांना कळलं. सोळा माणसं ताबूत खांद्यावर घेऊन त्या मुरमाड खड्ड्यात गुडघ्यांवर आली. ताबूत खाली आला. कळस सुटला, पण अजून घासत होता.

तेवढ्यात पारावरून सुभेदार उतरला. त्याच्या हातात बेळकं होतं, कुंपणाला लावतात तसं दुबेळक्याचं लांब लाकूड. ते त्याने फांदीला खालून लावलं आणि सगळा जोर लावून ती वर रेटली. चार पुरभय्ये धावले, त्यांनीही हात लावले. फांदी करकरली. चार बोटं वर गेली.

"चला," सुभेदार वरून म्हणाला. "डावीकडे मूळ आहे, जपून. आता सरळ. आणखी एक पाऊल." खांदेकऱ्यांना वरचं दिसत नव्हतं. एक पुरभय्या वाट सांगत होता आणि सोळा जण गुडघ्यांवर चालत होते. त्या सोळांत मराठा स्वार होता, एक शीखही होता असं म्हणतात. ताबूत पलीकडे निघाला. चढावर माणसं उभी राहिली. गुडघे फुटले होते, इजारी फाटल्या होत्या. बेगडीच्या कळसात पिंपळाचं एक पान अडकलं होतं, ते कुणी काढलं नाही. ताशा पुन्हा वाजू लागला आणि ताबूत कुंडलिकेवर जाऊन थंडा झाला.

त्याच सुमारास दिल्लीत दसरा आणि मोहरम एकत्र आल्यावरून दंगा झाला. उत्तरेत आणखीही काही गावांत झाला. छावणीत त्याची बातमी पुढे टपालाने आली. पुरभय्यांपैकी काहींचे भाऊबंद तिकडे होते, मुसलमान स्वारांपैकी काहींचे होते. बातमी वाचून दाखवली तेव्हा कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मात्र कोतावर पहारा बदलायला एकाऐवजी चार मुसलमान स्वार आले. कुणाला घरी पाठवायचं यावरून त्यांचंच आपसात थोडं वाजलं.

गोष्टीतली माणसं काही एका ताटात जेवायला लागली नाहीत. सुभेदार मरेपर्यंत रिसालदाराच्या घरी पाणी प्यायला नाही, आणि रिसालदाराने कधी मारुतीला तेल घातलं नाही. समोरच्याला काय सोडता येणार नाही, ते दोघांनी नीट पाहिलं आणि ते सोडायला त्याला सांगितलं नाही. उरलेलं अंतर मग अंगमेहनतीचं होतं. थोडं कुदळीने निभावलं, थोडं गुडघ्याने, थोडं बेळक्याने. कातळ कुठेतरी लागतोच, हेही ते धरून चालले. त्या कंटिंजंटच्या पलटणी पुढे हिंदी फौजेत मिसळल्या. १९०३ मध्ये जालन्याची छावणी उठली. पायदळाच्या पलटणींतून जी हैदराबाद रेजिमेंट झाली, तिलाच १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळालं. घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्सकडे गेला. आजच्या फौजेत पलटणीला सर्वधर्मस्थळ असतं, पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री नेमलेले असतात, आणि अधिकारी कुठल्याही धर्माचा असो, आपल्या जवानांच्या देवापुढे त्यांच्याबरोबर उभा राहतो. हे नियमाने बसवलेलं आहे आणि चांगलं बसवलेलं आहे. पण सणाच्या रात्री दुसऱ्याचा पहारा आपण घ्यायचा, हे पुष्कळदा जवान एकमेकांत बोलूनच ठरवतात, असं म्हणतात.

खड्ड्याचं सांगायचं राहिलं. ताबूत थंडा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कमांडिंग साहेब बग्गीतून फेरफटक्याला निघाला आणि वळणावर बग्गीचं चाक त्या खड्ड्यात गेलं. साहेब उतरला. खड्डा पाहिला, वरची फांदी पाहिली, बेळक्याने सोललेली साल पाहिली. मग त्याने सरकारी रस्ता विनापरवाना कुणी खणला, अशी चौकशी केली. घोडदळ म्हणालं, आम्हाला ठाऊक नाही. पायदळ म्हणालं, आम्हालाही नाही. साहेबाने दुरुस्तीच्या वहीत लिहिलं की वळणाजवळचा रस्ता पावसाने वाहून गेला, सबब मुरूम टाकून घ्यावा. त्या पंधरवड्यात जालन्याला पावसाचा थेंब पडलेला नव्हता. हिशेबनीसाने वही वाचली, साहेबाकडे पाहिलं, आणि मुरमाच्या बारा गाड्या मंजूर केल्या.